घुमटाच्या फटीतली बोटे : एका प्रयोगसंचाचे परीक्षण

दोन पारदर्शक तक्त्यांमधील अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत ग्लिसरीन भरावे आणि मधल्या छिद्रातून हवा किंवा पातळ तेल सोडावे, की आत शिरणारे वर्तुळ थोड्याच वेळात आपला गोलपणा सोडते, त्याच्या कडेला बोटे फुटतात आणि पुढे त्या बोटांची टोकेही दुभंगत जातात. पदवीच्या वर्गांना हा प्रयोग सपाट काचांवर करून दाखवणे अवघड नाही. पृष्ठ स्वतःच वाकलेले असेल तर या बोटांचे काय होते, हे दाखवणारा तयार संच मात्र सहसा पाहायला मिळत नाही. घाटावरच्या एका लहान उत्पादकाने असा चार पेट्यांचा संच विक्रीस काढल्याचे कळल्यावर सिंधुदुर्गातील किनाऱ्यालगतच्या आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाने तो मागवला, आणि उन्हाळा व पावसाळा अशा दोन्ही हंगामांत तो वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. संच घेण्याजोगा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण वक्रतेचा परिणाम पहिल्याच प्रयोगात डोळ्यांना दिसेल, असे जे त्याच्या पुस्तिकेत म्हटले आहे ते खरे नाही, आणि ते खरे का नाही हे समजून घेण्यातच या संचाची निम्मी किंमत वसूल होते.

विषयाची थोडी पूर्वपीठिका सांगणे भाग आहे. हेन्री सेल्बी हेले-शॉ या इंग्लिश अभियंत्याने १८९८ मध्ये दोन जवळजवळ ठेवलेल्या काचांमधून द्रव वाहवून प्रवाहरेषा दृश्य करण्याची पद्धत प्रसिद्ध केली; आजही अशा दोन तक्त्यांच्या पेटीला त्याचेच नाव आहे. अशा फटीत प्रवाहाचा वेग दाबाच्या उताराच्या प्रमाणात, फटीच्या रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात आणि श्यानतेच्या, म्हणजे द्रवाच्या दाटपणाच्या, व्यस्त प्रमाणात असतो. अधिक श्यान द्रवाला कमी श्यान द्रव ढकलू लागला, की सीमेवरचा जो भाग योगायोगाने किंचित पुढे गेला असेल त्याच्यापुढे दाबाचा उतार वाढतो आणि तो आणखी पुढे धावतो. पृष्ठताण मात्र बारीक सुरकुत्या पुसून टाकत राहतो, आणि या ओढाताणीतून बोटांची एक ठरावीक रुंदी निवडली जाते. साखर शुद्ध करताना हाडांच्या कोळशाच्या स्तंभातील दाट रस पाण्याने ढकलला की पाणी मधूनच वाटा काढते, ही अडचण एस. हिल यांनी १९५२ मध्ये मांडली होती. पुढे १९५८ मध्ये फिलिप सॅफमन आणि जी. आय. टेलर यांनी तिचे गणित प्रसिद्ध केले आणि ही अस्थिरता त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. खनिज तेलाच्या साठ्यात पाणी सोडून तेल बाहेर ढकलताना हीच डोकेदुखी असते, त्यामुळे मुंबई हाय हे समुद्रातले तेलक्षेत्र ज्या किनाऱ्यासमोर आहे त्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा विषय तसा परका नाही.

वक्र पृष्ठांचा प्रश्न त्यामानाने अलीकडचा आहे. फर्नांडो पारिसिओ, फर्नांडो मोराएस, जोझे मिरांडा आणि मायकेल विडम यांनी २००१ मध्ये दोन समकेंद्री गोलांमधील फटीसाठी हे गणित केले आणि गोलाची धन वक्रता, म्हणजे सर्व दिशांनी एकाच बाजूला वाकणे, बोटांची टोके दुभंगण्यास आळा घालते, असे दाखवले. यांपैकी मिरांडा ब्राझीलच्या रेसिफे या समुद्रकाठच्या शहरातील विद्यापीठाचे. शंकूवरील अशाच प्रश्नाचेही काम त्यांनी पुढे केले. संचाच्या पुस्तिकेत या कामाचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे, आणि तोही वर्षाशिवाय.

संचात चार पेट्या आहेत : एक सपाट, एक दंडगोलाच्या पाठीसारखा बाक दिलेली, एक शंकू आणि एक घुमट. फट सर्वत्र अर्ध्या मिलिमीटरची असल्याचा दावा आहे. घुमटाची त्रिज्या १०० मिलिमीटर असून तो जवळजवळ अर्धगोल आहे. शंकूचा अर्धकोन ३० अंशांचा आहे. सोबत मोटारीवर चालणारा सिरिंज पंप, दोन रंग, रबरी नळ्या, स्टँड आणि ग्लिसरीनची एक बाटली येते.

बाक दिलेली पेटी पाहून विद्यार्थी पहिल्यांदा गोंधळतात आणि ते गोंधळावेत, असाच तिचा उपयोग आहे. पेटी डोळ्यांना स्पष्ट वाकलेली दिसते, तरी तिच्यात उमटणारी नक्षी सपाट पेटीपेक्षा वेगळी येत नाही. पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचा चामड्यासारखा भाग, गुंडाळली तर ती कुठेही ताणल्याशिवाय गुंडाळली जाते, पण तिची वाटी करायला गेले तर ती ओली करून साच्यात दाबावी लागते आणि तरीही काठाला चुण्या पडतात; पहिल्या प्रकारच्या वाकण्याची दखल फटीतला द्रव घेत नाही, दुसऱ्या प्रकारच्या वाकण्याची घेतो. जर्मन गणितज्ञ गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केलेला प्रमेय हाच भेद नेमकेपणाने मांडतो. वर्गात फळ्यावर तास घालवूनही जे गळी उतरत नाही, ते या दोन पेट्या शेजारी ठेवल्यावर उतरते. केवळ या एका जोडीसाठीही मी उत्पादकाला चांगले गुण देईन.

शंकू त्याहून रंजक आहे. शंकूचे पृष्ठ टोक सोडल्यास कुठेही खऱ्या अर्थाने वक्र नाही. तो म्हणजे सपाट वर्तुळाचा एक पाकळीसारखा तुकडा, ज्याच्या दोन कडा एकमेकींना चिकटवल्या आहेत. अर्धकोन ३० अंशांचा असल्यामुळे टोकापासून कितीही अंतरावर गेले तरी परीघ सपाट वर्तुळाच्या बरोबर निम्मा भरतो. म्हणून पंपाचा प्रवाह सपाट पेटीच्या निम्मा ठेवला, तर प्रत्येक अंतरावर सीमेचा वेग सपाट पेटीइतकाच राहतो, बोटांची रुंदी तीच येते आणि त्यांची संख्या निम्मी होते. आम्ही हे करून पाहिले आणि मेळ समाधानकारक बसला. टोके दुभंगण्याचे प्रमाणही सपाट पेटीसारखेच दिसले. पुस्तिकेत मात्र शंकूसाठी पूर्ण प्रवाहच सांगितला आहे. तसे केल्यास वेग दुप्पट होतो, बोटे बारीक होतात आणि तुलना करायची कशाशी हेच विद्यार्थ्यांना कळत नाही.

आता घुमट, ज्याच्यासाठी खरे तर हा संच घ्यायचा. घुमटाच्या माथ्यापासून पृष्ठावरून मोजलेले अंतर घेतले, तर त्या अंतरावरचा परीघ सपाट पृष्ठावरील परिघापेक्षा नेहमी कमी भरतो. १०० मिलिमीटर त्रिज्येच्या या घुमटावर माथ्यापासून ३० अंश उतरले की ही घट साडेचार टक्क्यांची असते, ६० अंशांवर सुमारे १७ टक्क्यांची आणि ९० अंशांवर, म्हणजे काठाशी, सुमारे ३६ टक्क्यांची. परीघ कमी म्हणजे बोटांना पसरायला जागा कमी, आणि टोक दुभंगण्याआधी बोट रुंद व्हावे लागते, म्हणून दुभंगणे लांबते, हा झाला सरळ तर्क. पण गोष्ट इतक्यावर संपत नाही. प्रवाह तेवढाच ठेवला आणि परीघ घटला, की सीमेचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की बोटे बारीक होतात, म्हणजे त्यांची संख्या वाढवणारा परिणामही त्याच वेळी काम करत असतो. दोन्हींचा हिशेब मांडला, तर बोटांची अपेक्षित संख्या साधारणपणे परिघाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येते. त्यामुळे ६० अंशांवर परिघातील १७ टक्क्यांची घट बोटांच्या संख्येत अवघी नऊ टक्क्यांची उरते. सपाट पेटीत जिथे वीस बोटे असतील तिथे घुमटात अठरा. काठाजवळ ही घट वीस टक्क्यांपर्यंत जाते, आणि तिथे परीघ वाढायचाच थांबत असल्यामुळे नवे दुभंगणेही जवळपास थांबावे, अशी अपेक्षा असते.

हे आकडे मी मुद्दाम देत आहे, कारण संचाचे मोल ठरवताना सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. आपल्याला नऊ ते वीस टक्क्यांचा फरक दाखवायचा आहे, आणि संचाच्या बांधणीतील किंवा आपल्या हवामानातील कोणतीही गोष्ट तेवढाच फरक सहज घडवत असेल, तर विद्यार्थी जे मोजतील ते वक्रतेचे असेलच याची खात्री देता येणार नाही.

बांधणीपासून सुरुवात करू. आमच्याकडे आलेल्या घुमटाची आतली आणि बाहेरची कवचे समकेंद्री नव्हती. गॅरेजमध्ये असते तसले फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा, काठाच्या फटीत सरकवून पाहिले, तेव्हा एका बाजूला अर्ध्या मिलिमीटरचे पाते जेमतेम शिरत होते आणि समोरच्या बाजूला ०.५५ मिलिमीटरचे पाते सैल जात होते. पाच शतांश मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटते. पण प्रवाह फटीच्या वर्गावर अवलंबून असल्याने त्या बाजूचा वाहण्याचा सोपेपणा २१ टक्क्यांनी वाढतो, आणि बोटे त्या बाजूला धावत सुटतात. काठ सोडून आतली फट पाहायची असेल, तर रंगवलेले ग्लिसरीन भरून पेटी पांढऱ्या उजेडावर धरावी. जिथे फट जाड तिथे रंग गडद दिसतो. आमच्या घुमटात एका बाजूला चंद्रकोरीच्या आकाराची गडद पट्टी स्पष्ट दिसत होती. फट राखणाऱ्या काठाच्या चकत्या बदलून आणि स्क्रू टप्प्याटप्प्याने आवळून ही तफावत बरीच कमी करता आली, पण हे काम ग्राहकाने करण्याचे नव्हे. फट एका दिशेने निमुळती होत गेली तर बोटे दाबली किंवा वाढवली जाऊ शकतात, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून सर्वांना ठाऊक झाले आहे. तेव्हा वक्रतेचा अभ्यास करण्यासाठी विकलेल्या संचात फटीची एकसारखी रुंदी हीच पहिली अट मानली पाहिजे.

दुसरी उणीव नेमकी उलट्या बाजूने येते आणि म्हणून चटकन लक्षात येत नाही. सपाट पेटीचे तक्ते सहा मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅक्रिलिकचे आहेत आणि दाब वाढला की ते मध्यभागी फुगतात. घुमटाचे कवच मात्र आकारामुळेच ताठ असते, ते फारसे फुगत नाही. परिणामी सपाट पेटीची फट प्रयोग चालू असताना मधोमध रुंदावते, घुमटाची रुंदावत नाही, आणि दोन्हींत दिसणारा फरक वक्रतेच्या खात्यावर जमा होतो. आम्ही शेवटी गावातल्या काच दुकानातून बारा मिलिमीटरच्या दोन काचा कापून आणल्या, मूळच्याच चकत्या त्यांच्यात बसवल्या आणि सपाट पेटी नव्याने तयार केली. उत्पादकाने हे आधीच करायला हवे होते; खर्चातही त्याने फार फरक पडला नसता.

हवामानाबद्दल मात्र उत्पादकाला दोष देता येत नाही, तरी पुस्तिकेत एखादा परिच्छेद असायला हरकत नव्हती. ग्लिसरीन हवेतील ओलावा शोषून घेते, आणि कोकणातल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. शुद्ध ग्लिसरीनची श्यानता ३० अंश सेल्सिअसला सुमारे ०.६१ पास्कल-सेकंद असते. त्यात वजनाने दहा टक्के पाणी मिसळले, की ती ०.११ च्या आसपास घसरते. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत सीमेचा वेग सेकंदाला पाच मिलिमीटर असेल आणि हवा ढकलत असेल, तर शुद्ध ग्लिसरीनमध्ये एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंतचे अंतर सुमारे सात मिलिमीटर येते, आणि त्या पाणी प्यायलेल्या ग्लिसरीनमध्ये सुमारे सतरा. म्हणजे बोटांची संख्या निम्म्याहूनही खाली येते, तीसुद्धा पृष्ठ तसूभरही न वाकवता. आषाढात आमच्या प्रयोगशाळेतील सहायकांनी उघड्या चंचुपात्रातले ग्लिसरीन काचेच्या कांडीवरून ओघळवून पाहिले आणि म्हणाले, “सर, ह्यां ग्लिसरीन पातळ झालां हा.” त्यांच्या हाताला जे कळले, ते पुस्तिका लिहिणाऱ्याला कळले असते तर बरे झाले असते.

तापमानाचेही तसेच. ग्लिसरीनची श्यानता दर अंशाला साधारण आठ टक्क्यांनी बदलते, त्यामुळे सकाळी सपाट पेटी आणि दुपारी घुमट असा क्रम ठेवला, तर तीन अंशांच्या फरकानेच बोटांची संख्या दहा-बारा टक्क्यांनी हलते. ६० अंशांवर वक्रतेचा जो परिणाम आपण शोधत आहोत, त्याहून हा मोठा आहे. वातानुकूलित खोली नसलेल्या प्रयोगशाळांनी, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेकांनी, दोन्ही पेट्या शेजारी ठेवून, एकाच बाटलीतल्या द्रवाने आणि एकाच बैठकीत प्रयोग करावा. संचात तापमापक दिलेला नाही. ग्लिसरीनऐवजी सिलिकॉन तेल वापरता आले तर सर्वांत उत्तम, कारण ते ओलावा धरत नाही आणि तापमानानेही त्याची श्यानता पुष्कळच कमी बदलते. ते महाग पडते आणि पेट्या पुसून काढणे जिकिरीचे होते, तरी पावसाळ्यात दुसरा पर्याय नाही.

गुरुत्वाकर्षणाचा प्रश्न पुस्तिकेने पूर्णपणे वगळला आहे. घुमट पालथा ठेवून माथ्यातून हवा सोडली, की हलकी हवा वर आणि जड ग्लिसरीन खाली अशी रचना होते, आणि ही रचना सीमेला स्थिर करते. वर सांगितलेल्या वेगाला आणि फटीला हा परिणाम ६० अंशांवर सात-आठ टक्क्यांचा भरतो आणि तो वक्रतेच्याच दिशेने, म्हणजे बोटे दाबण्याकडे, काम करतो. घुमट वाटीसारखा उताणा केला तर तोच परिणाम उलट दिशेने येतो. त्यामुळे दोन्ही स्थितींत प्रयोग करून सरासरी काढणे हा शहाणपणाचा मार्ग आहे, आणि इथे मात्र संचाचे मनापासून कौतुक करायला हवे, कारण स्टँडची पकड एका खिट्टीवर फिरते आणि भरलेली पेटी न उघडता उलटी करता येते. काठाला रबरी पट्टी लावून बंद केलेली पन्हळ आहे आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या नळीचे तोंड माथ्याच्या उंचीला अडकवण्यासाठी स्टँडवर हूकही दिला आहे. तो नसता तर ग्लिसरीन आपल्याच वजनाने खाली उतरून माथा रिकामा पडला असता. ज्याने ही जोडणी आखली त्याने स्वतः हा प्रयोग करून पाहिला आहे, हे यावरून दिसते. पुस्तिका बहुधा दुसऱ्याच कोणीतरी लिहिली असावी.

हवेऐवजी रंगवलेले खोबरेल तेल ढकलले, तर घनतेतील फरक कमी असल्यामुळे गुरुत्वाकर्षणाचा वाटा आणखी घटतो आणि हवेच्या दबण्यामुळे प्रवाहात जे हेलकावे येतात तेही टळतात. आपल्या किनाऱ्यावर खोबरेल गोठण्याची भीती क्वचितच असते. बोटांची संख्या अर्थात हवेपेक्षा वेगळी येते, पण पेटीपेटींमधली तुलना अबाधित राहते.

पंप चांगला आहे, आवाज करत नाही आणि त्याचा वेग स्थिर राहतो. पण त्याला वेळेनुसार वेग बदलण्याची सोय नाही. गोल आणि शंकू यांच्या फटींत प्रवाह वेळेनुसार योग्य रीतीने बदलत नेला तर बोटे मोठ्या प्रमाणात दडपता येतात, हे ब्रांडाओ, फोंताना आणि मिरांडा यांनी २०१४ मध्ये गणिताने दाखवले आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी तो सुंदर प्रकल्प ठरला असता. सध्याच्या पंपावर तो करता येत नाही. घोड्याच्या खोगिरासारखी, म्हणजे ऋण वक्रतेची, पेटीही संचात नाही. तशी फट अचूक घडवणे कठीण आहे हे मान्य केले तरी घुमटाच्या विरुद्ध बाजूचे उदाहरण समोर नसल्याने विषय एकांगी राहतो. पट्ट्यांचे स्क्रू साध्या लोखंडाचे आहेत. खाऱ्या वाऱ्याने ते पहिल्याच पावसाळ्यात तांबारले आणि स्टेनलेस स्टीलचे घालावे लागले.

बी.एस्सी.च्या वर्गाला केवळ बोटे दाखवायची असतील तर दोन काचा, चार चकत्या आणि एक सिरिंज पुरते. त्यासाठी हा संच घेऊ नये. ज्या विभागात तिसऱ्या वर्षाचे किंवा एम.एस्सी.चे विद्यार्थी महिनाभर एका प्रयोगावर टिकून राहतात, त्यांनी तो अवश्य मागवावा. मागणी नोंदवताना दोन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात : घुमटाची फट काठावर किमान आठ ठिकाणी मोजल्याचा तक्ता पेटीसोबत यावा, आणि सपाट पेटी जाड काचेची मिळावी. आमच्या पत्रव्यवहारात उत्पादकाने या दोन्ही गोष्टींना तयारी दाखवली आहे. दुसरीसाठी थोडी जादा रक्कम लागेल, असे मात्र कळवले आहे.